आधी ओलं फडकं, मग कोरडं: घराची स्वच्छता नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

स्वतःचं घर चालवायला लागलो तेव्हा आमचं घर लख्ख आहे अशी माझी ठाम समजूत होती. रोज केर, रोज फरशी, आठवड्यातून एकदा काचा. तरी घरातल्या एकाला सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका ठरलेल्या. ऋतू बदलला, गोळ्या घेऊन झाल्या, शिंका तशाच. एक दिवस कपाटामागे एक कागद पडला म्हणून कपाट पुढे ओढलं. मागच्या भिंतीवर तळहाताएवढे काळपट-हिरवे डाग, फुगून सुटलेले रंगाचे पापुद्रे आणि बंद ट्रंकेतून येतो तसला कुबट वास. भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं आणि कपाट भिंतीला इतकं चिकटवलेलं की मध्ये वाऱ्याला शिरायलाही जागा नव्हती. आम्ही इमानेइतबारे पुसत होतो फरशी, आणि दुखणं वाढत होतं भिंतीवर. गळती बंद करून भिंत वाळवली, कपाट चार बोटं पुढे ठेवलं, आणि महिनाभरात शिंका बऱ्याच उतरल्या.

तेव्हापासून मी घर पाहुण्याच्या नजरेनं बघत नाही. आजार घरात येतो तो हातांवरून, अन्नातून, श्वासातून आणि किड्या-डासांबरोबर. यातल्या जवळजवळ प्रत्येक वाटेवर कुठेतरी ओल साठलेली सापडते. म्हणून नव्यानं घर सांभाळणाऱ्याला मी एकच गोष्ट आधी सांगतो: घाण ओल्यानं उचला आणि जागा कोरडी करून सोडा. पुसणं अर्धं काम, वाळवणं उरलेलं अर्धं.

पायरी पहिली: साफसफाई नको, आधी नुसती फेरी

पहिल्या दिवशी फडक्याला हात लावू नका. घरभर एक चक्कर मारा आणि नाक व तळहात वापरा. बाहेरून आल्या आल्या पाच मिनिटांत फिरा, कारण घरात थोडा वेळ बसलं की नाकाला त्या वासाची सवय होते. सिंकखालचं कपाट उघडून आत हात फिरवा. नळाच्या पाइपाचा सांधा ओला लागतो का? न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतींवर तळहात टेकवा. खिडकीच्या चौकटीचा खालचा कोपरा, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर उलटून आतली घडी, सगळं बघा. जिथे ओलं, गार किंवा चिकट लागेल ते कागदावर लिहून ठेवा. ही यादी हीच तुमच्या कामाची खरी यादी. गळका सांधा तसाच ठेवून वरून पुसत बसणं म्हणजे भरल्या बादलीखाली फडकं धरणं.

पायरी दुसरी: सामान थोडं, पण वेगवेगळं

साबण किंवा भांड्यांचं लिक्विड, एक ब्लीच, सहा-आठ सुती किंवा मायक्रोफायबरची फडकी, दोन बादल्या, रबरी हातमोजे, एक ताठ ब्रश. एवढ्यात घर निघतं. दहा रंगांच्या दहा बाटल्या आणायची काही गरज नाही. 'जंतुनाशक' लिहिलेल्या हात धुण्याच्या साबणावर जास्तीचे पैसे घालवायचीही नाही. 2016 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ट्रायक्लोसान या जंतुनाशक रसायनासह 19 घटकांपैकी कुठलाही असलेल्या अशा साबणांच्या विक्रीला मनाई केली, कारण ते साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत हे उत्पादकांना दाखवता आलं नाही.

फडक्यांच्या बाबतीत मात्र काटेकोर राहा. शौचालयाचं फडकं वेगळ्या रंगाचं असू द्या आणि ते जागेवरून हलू देऊ नका. ओट्याचं वेगळं, फरशीचं पोतेरं वेगळं. घरात पाहुण्यांनी मदतीला हात घातला की पहिली गडबड इथेच होते, म्हणून रंग ठरवलेले बरे. समजावून सांगत बसावं लागत नाही.

पायरी तिसरी: धूळ उडवायची नाही, टिपायची

झटकणीनं धूळ झटकली की टेबल स्वच्छ दिसतं. धूळ गेलेली नसते, हवेत चढलेली असते. जड कण थोड्या वेळात खाली बसतात. बारीक कण, विशेषतः 2.5 मायक्रॉनपेक्षा लहान (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तासन्‌तास तरंगत राहतात आणि तेच फुप्फुसात खोल जातात. दम्याचा माणूस घरात असेल तर कोरडी झटकणी सरळ बाजूला ठेवा.

फडकं ओलं करून इतकं घट्ट पिळा की मुठीत दाबलं तर थेंब पडता कामा नये. मग त्याची मधोमध घडी घाला, पुन्हा एकदा घाला. आता हातात चौघडी आहे आणि तिला पुसायला आठ स्वच्छ बाजू आहेत. एका बाजूनं एक फळी पुसायची, बाजू मळली की घडी उलटायची. आठही संपल्या की फडकं धुवायचं. एकाच चुरगळलेल्या बोळ्यानं अख्खं घर पुसलं तर पहिल्या फळीची घाण शेवटच्या फळीपर्यंत नेऊन पोचवल्यासारखं होतं. फडकं एका दिशेनं ओढा, गोल गोल फिरवू नका.

क्रम वरून खाली: पंख्याची पाती, कपाटाचा माथा, फळ्या, टेबल, शेवटी फरशी. (पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून ओढून घ्या, सगळी धूळ अभ्र्यात राहते. ही युक्ती कळेपर्यंत मी अनेकदा पलंगावर राखाडी पाऊस पाडला आहे.) खोल्यांमध्येही कमी घाणीकडून जास्त घाणीकडे जायचं: झोपायची खोली आधी, शौचालय सगळ्यात शेवटी.

फरशीला दोन बादल्या लागतात. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत नुसतं. पोतेरं आधी साध्या पाण्यात खळबळून पिळायचं आणि मगच साबणाच्या पाण्यात बुडवायचं. दुसऱ्या बादलीचा रंग बघितला की एका बादलीनं आपण आजवर काय पसरवत होतो ते कळतं. रांगतं मूल असेल तर फरशीला जरा जास्त मान द्या, कारण फरशीवरचं सगळं त्याच्या हातातून तोंडात जातं. बाहेरची पादत्राणं दारातच राहिली तर हे काम निम्म्यावर येतं.

व्हॅक्युम क्लीनर असेल तर त्याची गाळणी चांगली हवी. साध्या गाळणीतून सगळ्यात बारीक धूळ मागच्या बाजूनं पुन्हा खोलीत येते. हेपा प्रकारची गाळणी 0.3 मायक्रॉनचे कणही 99.97 टक्के अडवते.

पायरी चौथी: स्वयंपाकघर, आणि त्यातही घासणी

लोक शौचालयाला घाबरतात आणि भांड्यांच्या स्पंजवर विश्वास ठेवतात. खरं तर उलट हवं. 2017 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी घरांमध्ये वापरलेले 14 स्पंज तपासले, तेव्हा काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये अब्जावधी जिवाणू निघाले. आपण स्पंज नियमित साफ करतो असं ज्यांनी सांगितलं होतं, त्यांच्या स्पंजमध्येही जिवाणू कमी नव्हते. त्यातले बरेचसे निरुपद्रवी असतात हे खरं. पण उबदार, कायम ओला आणि खरकट्यानं भरलेला तो तुकडा म्हणजे जंतूंना आयतं घर. पोषक जागा आणि ऊब मिळाली की काही जिवाणू 20 मिनिटांत दुप्पट होतात. रात्रभरात किती होतील याचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणून: स्पंज सिंकच्या तळाशी पडू द्यायचा नाही. पिळून, उभा, वारा लागेल असा ठेवायचा आणि आठवडाभरात टाकून द्यायचा. मी स्वतः स्पंज सोडून ब्रश वापरतो, कारण त्याचे दाते झटकन वाळतात. ओट्याचं फडकं रोज बदला. काळपट, ओशट फडक्यानं ओटा 'पुसणं' म्हणजे कालचं आज ओट्यावर लावणं.

कच्चं मांस-मासळी नळाखाली धुवू नका. पाण्याचे तुषार सिंकभर, ओट्यावर, शेजारच्या धुतलेल्या भांड्यांवर जातात, आणि जंतू धुऊन जात नाहीत. ते शिजवल्यावर मरतात. कच्च्यासाठी आणि जे न शिजवता खायचं त्यासाठी कापायचे पाट वेगळे ठेवा. पाटावर सुरीच्या खोल रेघा पडल्या की तो बदला, त्या रेघांमध्ये ब्रशही पोचत नाही.

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू जोमानं वाढतात, आणि ओट्यावर निवत ठेवलेलं पातेलं नेमकं त्याच पट्ट्यात असतं. पसरट भांड्यात काढलं की ते लवकर निवतं. फ्रिज आतून 5 अंशांखाली असावा. फ्रिजमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते मंदावतात. तेव्हा सांडलेलं तिथल्या तिथे पुसा.

पायरी पाचवी: हात

घर कितीही घासा, हात धुतले नाहीत तर केलेलं सगळं पाण्यात. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरनं शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण 18 टक्क्यांच्या पुढे होतं, ते उन्हाळ्यात 2 टक्क्यांच्या आसपास आलं. जंतू म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. शवांचा वास हातावरून ज्यानं जातो ते द्रावण त्यानं निवडलं होतं.

साबण लावून 20 सेकंद चोळायचं: बोटांच्या बेचक्या, नखांखाली, अंगठ्याचा मागचा भाग (तो बहुतेकांचा राहतोच). आणि मग हात कोरडे करायचे. ओल्या हाताला जंतू जास्त सहज चिकटतात आणि ओल्या हातावरून ते जास्त सहज दुसरीकडे जातात. घरभराचा एकच हातपुसणा असेल तर तो एक-दोन दिवसांत बदला. दाराच्या मुठी, बटणं, रिमोट, फोन, फ्लशची कळ यांच्यावरून दिवसाआड साबणाचं ओलसर फडकं फिरवा. बटणांवर थेट फवारू नका. द्रव आत गेला तर सफाईच्या नादात शॉक बसायचा.

पायरी सहावी: न्हाणीघर, शौचालय आणि ब्लीचचा मान

साफ करणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. साबणानं घाण उचलली जाते आणि तिच्याबरोबर बहुतेक जंतूही जातात. ब्लीच जंतू मारतं, पण घाणीच्या थरावर ओतलं तर त्याची ताकद घाणीशी झुंजण्यातच संपते. तेव्हा आधी घासा, धुवा, मग ब्लीच, आणि त्याला वेळ द्या. ओतलं आणि लगेच पुसलं तर काही उपयोग नाही. बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिली असतील तेवढी जागा ओली राहायला हवी.

ब्लीचच्या बाटलीवर 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचमधला जंतू मारणारा घटक) असं लिहिलं असेल तर एक लिटर साध्या पाण्यात 20 मिलिलिटर घाला, साधारण 0.1 टक्क्याचं द्रावण होतं. गरम पाणी वापरू नका. लागेल तेवढंच करा, दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यातला जोर उतरतो.

आता एक कबुली. सुरुवातीच्या वर्षी शौचालयाचं भांडं जास्त चकचकीत व्हावं म्हणून मी आम्लाचा क्लीनर ओतला आणि त्यावर ब्लीच. खिडकी बंद. दोन श्वासांत घसा जळायला लागला, डोळ्यांतून पाणी, खोकत बाहेर पळालो. क्लोरीन वायू तयार झाला होता. ब्लीच आणि आम्ल, ब्लीच आणि अमोनिया, ब्लीच आणि व्हिनेगर: यातली कुठलीही जोडी जमवायची नाही, एकामागून एक त्याच भांड्यात ओतूनसुद्धा नाही. चुकून झालंच तर पुसत बसू नका, बाहेर मोकळ्या हवेत या.

फवाऱ्यांचा सोसही कमीच बरा. बर्गेन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये, 20 वर्षांच्या काळातल्या 6,235 लोकांच्या नोंदी तपासून, घरची किंवा पेशाची साफसफाई करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगानं घटल्याचं मांडलं. घर निरोगी करता करता करणाराच आजारी पडायला नको. फवारा हवेत मारण्याऐवजी फडक्यावर घ्या, खिडकी उघडी ठेवा. आणि सुगंधाला स्वच्छतेचा पुरावा समजू नका. स्वच्छ जागेला वास नसतो.

न्हाणीघराचं शेवटचं काम सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत टाळलं जाणारं: आंघोळ झाली की रबरी वायपरनं भिंत आणि फरशीवरचं पाणी ओढून टाकणं. अर्धा मिनिट लागतो. बुरशी धरायची ती बहुतेक वेळा इथेच रोखली जाते.

पायरी सातवी: बुरशी

भिजलेली गोष्ट 24 ते 48 तासांत वाळली तर बुरशीला मुळात संधी मिळत नाही. म्हणून गालिच्यावर पाणी सांडलं, गादी ओली झाली, छत गळलं, की त्या दिवशीची बाकी सगळी कामं सोडा आणि आधी ते वाळवा. लागलेली बुरशी कोरड्या ब्रशनं खरवडू नका, तिचे बीजाणू खोलीभर होतात. नाका-तोंडावर मास्क, हातात मोजे, साबणाचं पाणी, आणि पुसून झाल्यावर पंखा लावून पूर्ण कोरडं. वरून रंग मारून ती झाकणं तर अजिबात नको, रंगाखालून ती पुन्हा उगवते. फुगलेलं प्लायवूड, बुरशी खोलवर गेलेली उशी, असल्या गोष्टींचा मोह सोडा आणि टाकून द्या.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं. घरात 60 टक्क्यांच्या खाली, जमलं तर 30 ते 50 मध्ये, हा अंदाज ठेवा. स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट चालू ठेवा. बाहेर धो धो पाऊस असताना खिडक्या सताड उघडून 'हवा खेळवणं' मात्र उलटं पडतं.

पायरी आठवी: गादी

धुळीतले माइट्स म्हणजे कोळ्याच्या कुळातले बारीक जीव, 0.2 ते 0.3 मिलिमीटरचे, डोळ्यांना न दिसणारे. आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कणांवर ते जगतात, आणि पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणाच शोषतात. त्रास देते ती त्यांची विष्ठा. चादरी, अभ्रे आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुतले तर माइट्स मरतात; थंड पाण्यात विष्ठेतला त्रासदायक अंश बराच निघून जातो, पण माइट्स टिकून राहतात. मऊ खेळणी धुता येत नसतील तर पिशवीत घालून एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग झटका, तेही घराबाहेर. सकाळी उठल्या उठल्या पलंगपोस ओढून अंथरूण झाकू नका. तासभर उघडं राहू द्या, रात्रीची ऊब आणि दमटपणा निघून जाऊ द्या. नीटनेटकेपणाची हौस असणाऱ्यांना हे फार खटकतं, ठाऊक आहे.

पायरी नववी: झुरळं, उंदीर, डास

झुरळ खाण्यावाचून आठवडे काढतं, पाण्यावाचून त्याचे हाल लवकर होतात. म्हणजे रात्री सिंक कोरडं पुसून झोपणं हीसुद्धा झुरळांवरची कारवाईच. फवाऱ्यापेक्षा फटींत लावायचं जेल बरं. झुरळांची विष्ठा आणि गळलेल्या पंख-पायांचे कण दमा चाळवतात, तेव्हा मेलेली झुरळंही ओल्या कागदानं उचला.

उंदराच्या लेंड्या झाडूनं लोटायच्या नाहीत. खिडक्या उघडा, मोजे घाला, लेंड्या ब्लीचच्या पाण्यानं भिजवून पाच मिनिटं थांबा, मग कागदानं टिपून घ्या.

डासांचं थोडक्यात. डेंग्यू पसरवणारा एडीस डास भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या जरा वर अंडी चिकटवतो. ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा नुसतं पाणी ओतून भागत नाही, ब्रशनं आतली कड घासा.

घरात कुणी आजारी असेल तर

उलटी-जुलाब करणारे नोरोव्हायरससारखे विषाणू पृष्ठभागांवर दिवसचे दिवस टिकतात आणि सॅनिटायझरला फारसे दाद देत नाहीत. इथे साबण-पाण्यालाच शरण जा. उलटी झालीच तर आधी इतरांना खोलीबाहेर काढा. मोजे-मास्क घालून त्यावर शोषणारे कागद पसरा, बाहेरून मध्याकडे गोळा करा, पिशवीत बांधा. मग साबण, मग ब्लीच, आणि यावेळी जरा तीव्र: एक लिटरला 50 ते 100 मिलिलिटर, किमान पाच मिनिटं. माखलेल्या चादरी झटकू नका, घडी आत घेत गुंडाळा आणि वेगळ्या, गरम पाण्यात धुवा. आजारी माणसाचा टॉवेल वेगळा, खिडकी उघडी. तो बरा झाला तरी दोन दिवस त्याला इतरांसाठी स्वयंपाक करू देऊ नका.

कधी काय

रोज फक्त चार गोष्टी: ओटा आणि सिंक, स्वच्छ फडकं, न्हाणीघराचं पाणी ओढणं, कचरा बाहेर. आठवड्याला चादरी, शौचालय, धूळ, पाण्याची भांडी. महिन्याला फ्रिज, पंखे आणि ती पहिल्या पायरीतली फेरी, कपाट पुढे ओढून. काचा आणि भांड्यांची चकाकी जमेल तेव्हा, नाही जमली तरी कुणी आजारी पडत नाही.

दिवसाचं शेवटचं काम पोतेऱ्याचं. धुवा, घट्ट पिळा आणि पसरून टांगा. बादलीत बुडवून ठेवू नका, बादलीच्या काठावर गोळा करूनही नाही. सकाळी ते हाताला खडखडीत लागलं पाहिजे.